सायबाचा आवाज मुलुंडला राहतो

अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मी अठरा वर्षं रेकॉर्डिस्ट आहे. एवढ्या वर्षांत माझी बढती झाली नाही, पण किस्से मात्र ढीगभर जमले. त्यातले निम्मे एकट्या परबकाकांचे!

लंडनचा एक मोठा नट आहे, नाटकातून सिनेमात गेलेला. तो मराठीत बोलतो, तेव्हा मुलुंडचे आमचे परबकाका बोलत असतात. काका त्याला कधी भेटलेले नाहीत, तरी मालवणीत 'आमचो सायब' म्हणतात. त्याच्या तोंडातून दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकायची वेळ आली तर आपण घरी बसणार, हे त्यांनी केव्हाच सांगून ठेवलंय.

*

नाटकवाला असल्यामुळे सायब पटकन मरत नाही. एका सिनेमात तर गोळी लागल्यावर सहा मिनिटं बोलतो! ओठ जुळेनात म्हणून काका सकाळपासून नऊ वेळा मेले. शेवटी डबिंग डायरेक्टर म्हणाला, "काका, जेवून घेऊ या का?"

काका बूथमधूनच ओरडले, "थांब रे, सायब अजून मरूक नाय!"

*

चुंबनाचा आवाज आमच्याकडे स्वतःच्याच मनगटावर काढतात. तसा सीन चालू असताना काकू डबा घेऊन आल्या. काचेपलीकडे काका डोळे मिटून मनगटाचे मुके घेतायत!

काकू मला म्हणाल्या, "ह्यांना हे येतं? तीस वर्षांत कळू दिलं नाही मला!"

*

सायबाला तिकडे 'सर' किताब मिळाला. दुसऱ्या दिवशी काका पेढे घेऊन हजर.

"काका, किताब त्याला मिळालाय."

"अर्धा तरी माझा ना रे? मुलुंडात त्याला कुणामुळे ओळखतात?"

*

मधे सायबाने नवे दात बसवले. ओठांची हालचालच बदलली आणि काकांची वाट लागली. आठवडाभर धुसफुसत होते, "एवढा मोठा निर्णय! आधी मला विचारायचं तरी, यार!"

*

आणि हा किस्सा गेल्या वर्षीचा. सायबाचा सिनेमा नव्या कंपनीकडे गेला आणि त्यांनी व्हॉइस टेस्ट लावली. आमच्या स्टुडिओने तिघांना बोलावलं, त्यात काकाही. वीस वर्षं जे काम त्यांचं, त्याचीच परीक्षा! काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला फार वाईट वाटलं.

कंपनीची मुलगी माझ्या शेजारी बसून ऐकत होती. टेस्ट संपल्यावर ती माइकवर म्हणाली, "काका, छान झालं. पण आम्हाला या सॅम्पलसारखा आवाज हवाय." आणि तिने सायबाच्या मराठीत डब झालेल्या एका जुन्या सिनेमाचा तुकडा लावला.

आवाज काकांचाच होता! पंधरा वर्षांपूर्वीचा.

मी बोलणार, तेवढ्यात काकांनी काचेपलीकडून मला हातानेच गप्प केलं. तुकडा संपेपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकलं.

"झकास आहे हा माणूस," ते म्हणाले. "मग ह्यालाच बोलवा ना."

"पण हे कोण, तेच माहीत नाही. तुमच्याकडे नंबर आहे का, काका?"

"आहे ना. घ्या लिहून." काकांनी सावकाश दहा आकडे सांगितले.

मुलीने तिथल्या तिथे फोन लावला. बूथमध्ये मोबाइल न्यायची बंदी, त्यामुळे काकांचा मोबाइल माझ्या टेबलावर होता. तो वाजायला लागला. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली.

काका बूथमधून बाहेर आले, मोबाइल उचलला, कानाला लावला आणि थेट त्या सॅम्पलमधल्या आवाजात म्हणाले, "बोला. कधी येऊ?"