मामीच्या जात्यातला ऑक्सिजन

ज्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत मी तरुणपणी ग्रॅनाइट दळला, त्यांनी माझ्या निष्कर्षांवर शोधनिबंध छापला आणि माझं नाव गाळलं. शेवटी ‘विद्यार्थ्यांचे आभार’ होते. त्या अनेकवचनात मी एकटीच होते.

काम सुंदर होतं. दगडातल्या ऑक्सिजनमध्ये जड अणू आणि हलके अणू असतात. त्यांच्या प्रमाणावरून कळतं, की ग्रॅनाइट थेट पृथ्वीच्या पोटातून आला, की पृष्ठभागावरचा जुना गाळ पुन्हा वितळून झाला. खंडाचं कवच कसं घडलं, याची ती साक्ष. दगड नाव गाळत नाहीत.

पुढे मी वर्ध्याला शिकवू लागले. गेल्या वर्षी तेच सर अल्लीपूरचे दगड तपासायला आले, गळ्यात नवी कोरी भिंगं. वाट दाखवायला कॉलेजनं मला पाठवलं, कारण अल्लीपूर माझं आजोळ. त्यांनी मला ओळखलं नाही. ‘मॅडम, छत्री धरा’ म्हणाले.

आमच्याकडे सगळा काळा दगड, गोठलेल्या लाव्ह्याचा. नाल्यात त्यांना गुलाबी ग्रॅनाइटचा तुकडा दिसला आणि ते गहिवरले. लाव्हारसानं खालच्या कवचातून वर आणलेला तुकडा! त्याच्या कडेची अर्धगोल खाच म्हणजे लाव्ह्यानं खाल्लेली जागा!

ती खुंट्याची जागा होती. मामीनं भंडाऱ्याकडच्या माहेरून आणलेल्या जात्याची वरची तळी खुंट्याच्या भोकातून फुटली, तेव्हा अर्धी तुळशीपाशी हळदकुंकवाला ठेवली आणि अर्धी नाल्यावर धुणं आपटायला. लहानपणी मी तिच्यावर परकर आपटलाय.

मी छत्री नीट धरली.

संध्याकाळी मामी म्हणाली, “काऊन वं, तुह्या सायबानं माहं जातं काऊन नेलं?”

“अभ्यासाले.”

“दळता येते का त्याले? अर्धं घरी हाय म्हणा, तेबी घेऊन जाय.”

मी त्या अर्ध्याचा फोटो काढून ठेवला.

यंदा आमच्याच कॉलेजात सरांचं व्याख्यान झालं. शाल, श्रीफळ, समई, आणि पडद्यावर मामीचं जातं. वर्ध्याखालचं कवच जुन्या गाळातून घडलं, असं त्यांनी त्यावरून सिद्ध केलं. शोभेसाठी गारगोटी आणि फेल्डस्पार या दोन खनिजांचे आकडेही दाखवले. तिथेच सर सापडले.

मी उठले. “सर, तापल्यावर ही खनिजं आपसांत ऑक्सिजनची नव्यानं वाटणी करतात. हा दगड लाव्ह्यात भाजला, तर वाटणी सावकाश निवलेल्या ग्रॅनाइटचीच कशी राहिली?”

“अपवाद असतात,” सर हसले.

मी पडदा चालवणाऱ्या मुलाला फोटो पाठवला. पडद्यावर तुळस आली, उरलेलं अर्धं जातं आलं आणि त्याची जुळणारी खाच. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, “अरे, हे तं जातं हाय!” हसू पुढच्या रांगेपर्यंत, थेट समईपर्यंत आलं.

सरांचा चेहरा दगडाच्या रंगाचा झाला. “आपण कोण?” ते ओरडले. “नाव काय आपलं?”

मी माइक मागून घेतला. वडिलांच्या नावासकट, सावकाश, पूर्ण नाव सांगितलं. मग म्हटलं, “लिहून घ्या, सर. मागच्या वेळी राहिलं होतं.”