जवळ्याखालचा सायकल ट्रॅक

सुकत घातलेल्या जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा, वास आला की माझा डावा गुडघा ठणकतो. साठ सालाच्या आसपास मालवणजवळच्या आमच्या वाडीत, कापणी झालेल्या शेतात, आम्ही पाच-सहा जणांनी सायकलींच्या शर्यतीसाठी गोल ट्रॅक केला. ट्रॅक कसा करतात कोणाला ठाऊक? खळं करता येत होतं, म्हणून पंधरा दिवस उकिडवं बसून लाकडी चोपण्याने जमीन चोपली, शेणाने सारवली. हातांना फोड आले. शर्यतीच्या सकाळी कुडाळहून दोघे स्पर्धक सायकली चकचकीत पुसून आले, आणि बघतो तर अख्ख्या गोलावर बायकांनी जवळा पसरलेला. “इतक्या बरा खळा! माका वाटला देवच पावलो,” शेजारची म्हातारी म्हणाली. ओला जवळा उचलला तर कुजणार, अन्नावरून चाक न्यायचं तरी कसं? दिवसभर माडाखाली बसून राहिलो. उन्हं कलल्यावर बायकांनी जवळा भरून नेला. उरलासुरला झाडायचं त्राण आमच्यात नव्हतं. पहिल्याच वळणावर त्यावरून माझं चाक घसरलं, डावा गुडघा फुटला आणि शर्यत तिथेच संपली. पावसात ट्रॅक वाहून गेला. पुढच्या साली चोपण्याला कोणी हात लावला नाही. म्हातारी तेवढी जवळ्याची टोपली घेऊन विचारायला आली, “यंदा शर्यत कधी रे तुमची?” आता तिथे माडांची बाग आहे, आणि आमच्या शर्यतीची चौकशी त्यानंतर कोणीच केलेली नाही.