मोजणीचे तीन दिवस

"या, या, बस कोठें पळून जाते?" असं म्हणत आमचे ड्रायव्हरअण्णा गाडी सुरू ठेवून थांबायचे. कालव्याच्या बांधावरून कोणी धावत येताना दिसलं की खिडकीबाहेर हात काढून 'सावकाश' अशी खूण करायचे. वेळ गाठायची घाई असलेले ड्रायव्हर तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. माणूस मागे राहील याची धास्ती घेणारा मी हा एकच पाहिला.

तिरुवैयारुच्या पलीकडे एका खेड्यात मी सरकारी शाळेत शिकवते. अकरा वर्षं त्यांच्याच टाउन बसने गेले. तेही आमच्यातलेच, तंजावूरचे, घरी मराठी बोलणारे. मी इंजिनाजवळच्या सीटवर बसले की आमचं मराठी सुरू व्हायचं.

"टीचर, डब्यात काय?"

"दहीभात."

"कालही दहीभातच. हेडमास्तर झालांत तरी दहीभातच खाल!"

गेल्या वर्षी, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, दोन तरुण टॅब घेऊन बसमध्ये चढले. बससेवा सुधारायची आहे, प्रवासी मोजतोय, म्हणाले. नाव, गाव, फोननंबर विचारू लागले. हंगामाची शेवटची मजुरी आणायला निघालेल्या बायका बिचकल्या. फुलं विकणाऱ्या पाट्टीने, आमच्या सगळ्यांच्या आजीने, तर मोबाईल कमरेला खोचला. तेव्हा ड्रायव्हरअण्णांनी गाडी बाजूला घेतली, मागे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "द्या, द्या. आपल्या बससाठीच आहे."

त्यांच्या शब्दावर सगळ्यांनी नंबर दिले. मीही दिला.

खरी मोजणी पुढचे तीन दिवस झाली. शाळा बंद, कालव्याला पाणी नाही, शेतं कोरडी. बसमध्ये कोण असणार?

जूनमध्ये शाळा उघडली. एका सकाळी पाट्टीने वाजणारा मोबाईल माझ्या हातात दिला. "बघ बाई, कोणीतरी मुलगी गोड बोलते, मला काही कळत नाही." मी कानाला लावला. "तुमची बस पुढच्या महिन्यात बंद होते आहे," ती मुलगी म्हणत होती, "घरच्यांसाठी स्कूटर किंवा कार घ्या. हप्ते अगदी सोपे." गावाचं नावसुद्धा तिने बरोबर सांगितलं.

मी मोठ्याने विचारलं, असा फोन आणखी कोणाला आला? सहा जणींनी हात वर केले.

अण्णांनी बस पुलाच्या अलीकडे थांबवली. "डेपोत अजून कागद नाही, टीचर. माझी गाडी बंद होणार हे मला ठाऊक नाही, आणि गाड्या विकणाऱ्याला ठाऊक?"

बस बंद करायचा कागद बारा दिवसांनी आला. कारण: प्रवासी नाहीत.

तक्रारी ऐकायला डेपोच्या साहेबांनी बैठक ठेवली होती. अण्णा रजा टाकून माझ्याबरोबर आले. मी मोजणीचा अहवाल मागून घेतला आणि उभ्या उभ्या चाळला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मोजणीचा खर्च बायपासवरच्या मोटारींच्या शोरूमवाल्या कंपनीने केला. मी ती ओळ दोनदा वाचली. साहेबांपुढे पान धरलं, तर ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी फुकट करून दिलं. आमचं काय बिघडलं?"

अण्णा उठले. "साहेब, लोक नंबर देत नव्हते. मी द्यायला लावले." एवढंच बोलून खाली बसले.

पुढच्या आठवड्यात त्यांची लांबच्या डेपोत बदली झाली. जाण्याआधी दोन रविवार ते सायकलवर खेडोपाडी फिरले, दारोदारी माफी मागत. पाट्टी म्हणाली, "तुझी काय चूक, कण्णा, लेकरा?" तिने पुढे केलेलं ताक त्यांनी तसंच ओट्यावर ठेवलं.

बस गेली. आणि मी? तीन महिने ऑटोंच्या मागे धावले, शाळेत उशिराचे शेरे घेतले. त्या फोनवाल्या मुलीचा मला तिसरा फोन आला तेव्हा कार घेतली. त्याच शोरूममधून.

अण्णा निवृत्त होऊन परतल्यावर एकदाच भेटले. रस्त्याकडेला चार बायकांबरोबर ऑटोची वाट पाहत उभे होते. मी कार थांबवली. आता काय बोलतील, या भीतीने माझी मान वर होईना. त्यांनी दार उघडलं, चौघींना आत बसवलं, कोणाचा पदर अडकत नाही ना ते पाहून दार लावलं.

"अण्णा, तुम्ही?"

"जागा भरली, टीचर. निघा."

पोंगलच्या आदल्या आठवड्यात ते गेले. निरोप खेड्यांत सकाळीच पोचला होता. कारच्या दोन फेऱ्यांत मी आठ जणींना अण्णांच्या घरी आणलं. बाकीच्या मोठ्या रस्त्यापर्यंत चालत निघाल्या, तिथे मिळेल त्या ऑटोत बसल्या.

त्या दारात पोचल्या तेव्हा अण्णांना नेऊन अंगण धुऊन झालं होतं.