मामंजींची निळी छपाई

आमच्या मामंजींना लोखंडाचा भारी राग. त्यांच्या छपाईच्या पडवीत बादली नाही, खिळा नाही, माझ्या कमरेच्या किल्ल्यासुद्धा बाहेर खुंटीला. मी विसरून तशीच आत गेले की कागद झाकून विचारत, "सूनबाई, डाग पाडाले आली का?" नवी नवरी होते तेव्हा मला हा माणूस अंमळ सरकलेलाच वाटला होता.

बुलढाण्याच्या कचेरीत त्यांचा जन्म नकाशे काढण्यात गेला. नागपूरहून साहेब आला की त्याला निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे नकाशे लागत, आणि ते उन्हात छापण्यात मामंजींचा हात धरणारा कोणी नव्हता. पेन्शनीत निघाल्यावर ते त्याच औषधांनी माणसांचे फोटो छापू लागले. अर्थात तेही निळेच. कोणाला निळा नको असेल तर तो लोणारच्या तळ्यातल्या खाराच्या पाण्यात फिका करायचा, धुवायचा, मग हिरड्याच्या पाण्यात ठेवायचा. चित्र काळसर होऊन वर येई. त्या हिरड्याला लोखंड लागलं की कागदावर शाईसारखा डाग पडतो आणि जन्मात निघत नाही.

घाईचंही त्यांना वावडं. खार नीट धुतला गेला नाही तर कागद पिवळा पडतो, म्हणून ते धूत बसत आणि माझा स्वयंपाक निवत बसे. हाक मारली की उत्तर ठरलेलं: "येतो ना बाई, भाकर का पळून जाऊन राह्यली?"

एका दुपारी वडनेर भोलजीच्या एक बाई आल्या. पदराखाली लेकीचा फोटो, मामंजींनीच छापलेला. लेक नुकतीच वारली होती. ज्या काचेवरून तो छापला ती कधीच फुटली होती, त्यामुळे दुसरी प्रत निघणार नव्हती.

"तापानं गेली, दादा, माही पोरगी," बाई म्हणाल्या. "पण बाया हा फोटो पाह्यतात अन् म्हणतात, जहर पेली म्हणून निळी पडली. तिची नणंद घरोघरी सांगत फिरून राह्यली. याचा निळा काढा."

"बिघडला तं दुसरा नाही."

"असा बी तिले बट्टाच लावून राह्यला."

मामंजींनी बजावलं, "आधी फिका होईन. भेऊ नका." बाईंनी मान हलवली, पण त्यांच्या कानात काही शिरलं नसावं.

खाराच्या पाण्यात निळा रंग भराभर उतरला. पोरीचं लुगडं गेलं, गळा गेला, मग डोळे गेले. थाळीत नुसता पिवळट कागद उरला.

"कुठी गेली? दादा, कुठी गेली माही पोरगी?" म्हणत बाईंनी थेट पाण्यात हात घातला. बोटात लोखंडी वेढं! ते कागदाला घासलं असेल तर हिरड्यात तिथे डाग उठणार. त्यांच्या रडण्यात ते आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं. मी मनगट पकडलं, तर त्या माझ्याशी झोंबायला लागल्या.

"धरून ठेव, सूनबाई," एवढंच म्हणून मामंजी कागद धुवू लागले. एक पाणी, दुसरं पाणी, नेहमीइतकंच सावकाश. मला त्यांचा असा संताप आला म्हणता! अहो, आता तरी आटपा!

कागद हिरड्यात गेला. बराच वेळ काहीच नाही. मामंजींचे ओठ कोरडे पडले होते. मग भुवया दिसल्या. मग डोळे, काळेभोर, आणि सगळा चेहरा, कुठे ठिपकासुद्धा नाही. बाई माझ्या हातातच सैल पडल्या.

फोटो वाळल्यावर त्यांनी तो छातीशी धरला, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"दादा, अजून एकडाव होते का तसं?"

"कसं?"

"ती गेली अन् वापस आली, तसं."

मामंजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. पुढे ते पुष्कळ वर्षं जगले, छपाईही करत राहिले, पण माणसाचा चेहरा त्यांनी पुन्हा कधी खारात घातला नाही.