वाजवी मुदत

दुसऱ्याच्या दाराबाहेर आमच्या सासऱ्यांइतका उभा राहिलेला माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात झाला नसेल. महाडच्या कोर्टात ते बेलिफ होते. समन्स बजावायचं, जप्ती करायची, दावा हरलेल्याच्या घराचा ताबा जिंकलेल्याला द्यायचा, ही त्यांची नोकरी. नाते गावापासून तुडीलपर्यंत आणि तिथून पोलादपुराच्या वरच्या वाड्यांपर्यंत असं एक गाव नव्हतं, जिथल्या कुणी ना कुणी त्यांना बांधावरून येताना बघून मागच्या दाराने पोबारा केला नव्हता. पेन्शनीत निघाले ते पोलादपुराजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले आणि पाखरं बघायला लागले. पाखरं उडून जातात याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. म्हणायचे, "माझा जन्मच मला बघून दडणाऱ्यांत गेला. पाखरं निदान मागून शिव्या घालत नाहीत."

मी त्यांचा एकुलता एक जावई. महाडला सावित्रीच्या काठच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून. बोलणं कमी. इतकं कमी की जे बोलायलाच हवं तेही मला बहुधा दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचतं, आणि मग ते पाण्याबरोबर वाहून जातं. या खोडीने माझ्या हातून काय काय झालं ते आता पंचेचाळिशी उलटल्यावर मोजण्यात अर्थ नाही. एकदाच ती मोडली, आणि ती मोडायला सासरे कारण झाले, म्हणून हे लिहितो आहे.

सासऱ्यांचा पितळी बिल्ला कोर्टाने परत घेतला होता, पण त्याच्या जागी छातीवर हात फिरवायची सवय काही परत घेतली नव्हती. भल्या सकाळी ते धोतर खोचून निघत. गावच्या वरच्या अंगाला सोमजाईची राई होती, देवीची म्हणून कुणी काठी न मोडलेली दाट झाडी. तिच्या तोंडाशी उभे राहून ते आधी खाकरत, मग छातीवर हात ठेवून पुकारा करावा तसं मोठ्याने म्हणत, "येतोय रे!" सासूबाई म्हणत, "अहो, तुम्ही सांगून जाता म्हणून तर ती उडतात!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "न सांगता दुसऱ्याच्या घरात शिरायला मी काय चोर हाय?" मग दोन तास ते एका जागी उभे. हलले तर मुंगीने पाय हलवावा इतकंच. एकदा म्हणे एक वेडा राघू त्यांच्या छत्रीच्या दांड्यावर येऊन बसला आणि तिथूनच माश्या पकडत राहिला. ही हकिगत ते लाजत सांगत. बेलिफाजवळ कुणी आपणहून येऊन बसल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

घरी आले की आंघोळ, मग पूजा. पूजा म्हणजे देवीला सगळा अहवाल. "आज भारद्वाज हजर. खंड्या गैरहजर, कारण समजलं नाय. कोतवालाने घारीला पळवून लावलं, ते तू बघितलंस असशीलच." यात एका शब्दाची भर नसे. बघितलेलं पाखरूसुद्धा दोन पंचांनी बघितल्याशिवाय ते 'बघितलं' धरत नसत. ते स्वतः पंचांत मोडत नव्हते, कारण बेलिफाला स्वतःचा पंच होता येत नाही. त्यामुळे घरात पाहुणा आला की त्याची चहाआधी राईत रवानगी होई.

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा माझीही झाली. मी शरमेने त्यांच्यामागे चांगलं अंतर ठेवून चालत होतो, न जाणो कुणी बघेल. एका वडाखाली थांबून त्यांनी वर बोट केलं. "तांबट. दिसला?" पानांत टुक टुक ऐकू येत होतं, दिसत काहीच नव्हतं. पण नवा जावई, पोटात भूक, मी म्हणालो, "दिसला."

"रंग?"

"तांब्यासारखा," मी नावावर विसंबून ठोकून दिलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तांबट हिरवा असतो, जावईबुवा. न बघितलेलं बघितलं म्हणू नये. त्याने माणसांची घरं जातात."

सूर्य मावळल्यावर ते कुणाच्याही घरात पाऊल टाकत नसत. बेलिफाने सूर्यास्तानंतर घरात शिरायचं नाही असा कायदा आहे, आणि तो त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणला होता. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी पोलादपूरची एसटी उशिरा आली तेव्हा मुलीचे वडील आमच्या ओटीवर पाट मांडून जेवले. माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, "व्याह्यांना आमचं घर पसंत पडलं नाही." दुसरी रीत घरातल्या बायकांची. आत गोषातली बाई असली तर तिला आधी सूचना द्यायची, निघून जायला वाजवी मुदत द्यायची, तोवर दाराला हात लावायचा नाही. महाडच्या मोहल्ल्यात या रीतीमुळे त्यांना मान होता. दाराकडे पाठ करून उभे राहायचे आणि आतून निरोप येईपर्यंत समोरच्या भिंतीवरचे शेवाळाचे डाग बघत बसायचे. हीच रीत ते आपल्या घरी लेकीच्या खोलीबाहेर पाळत. आमची ही लटक्या रागाने ओरडायची, "बाबा, या की हो आत! घर तुमचंच आहे!"

तर एका पावसाळ्यात सोमजाईच्या देवळाचं छप्पर गेलं. वासे कुजले, पाणी थेट मूर्तीवर गळायला लागलं. गावकीत ठरलं की राईतलं एक जुनं किंजळ तोडून नवे वासे काढावेत. राईतलं झाड देवीला विचारल्याशिवाय तोडता येत नाही, म्हणून गुरवाने कौल लावला. मूर्तीला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी आधी पडली तर होकार. उजवी पडली. मी लाकडाच्या वखारीतला, म्हणून पौषात पाटलांनी मलाच बोलावून झाड मोजायला लावलं. मी फीत लावली, वासे किती निघतील ते सांगितलं आणि संध्याकाळच्या एसटीने महाडला आलो. सासऱ्यांना यातलं बोललो नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

शिमगा झाल्यावर झाड तोडायचा दिवस ठरला. आमची ही तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, म्हणून मीही आदल्या दिवशी तिथे होतो. तोडायच्या दिवशी भल्या सकाळी सासऱ्यांनी मला राईत नेलं आणि त्याच किंजळासमोर उभं केलं. खोडाच्या उंच ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलेलं, मधे नुसती बोटभर फट. बराच वेळ काही झालं नाही. मग पंखांचा मोठा आवाज करत धनेशाचा नर आला, सालीला बिलगला, आणि त्याच्या भल्या थोरल्या चोचीतून एकेक उंबर त्या फटीत जाऊ लागलं. आतून एका चोचीचं टोक बाहेर येई आणि उंबर घेऊन आत जाई.

"मादी हाय," सासरे हळूच म्हणाले. "स्वतःला कोंडून घेते. पंख झडलेले असतात तिचे. पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येता येत नाय." आणि छातीवर हात फिरवला. झाडावर कुऱ्हाडीची खूण केलेली होती. ती फीत कुणी लावली हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

उन्हं चढली तशी माणसं आली. पाटील, गुरव, करवत घेतलेले चौघे गडी. सासूबाई नारळाचं ताट घेऊन. सासरे खोडाला पाठ लावून उभे.

"बेलिफदादा, बाजूला व्हा," पाटील म्हणाले. "कौल झालाय. उजवी पडली, सगळ्यांनी बघितली."

"मीपण बघितली. देवीचा हुकूमनामा झाला. त्यावर अपील कुठं करणार? मी हुकूम अडवत नाय." पाटलांना हायसं वाटलं, तोच सासरे पुढे म्हणाले, "पण बजावणीची रीत असते. आत गोषातली बाई हाय. तिला निघायला मुदत दिल्याबिगर दाराला हात लावता येत नाय."

"गोषातली बाई? राईत?"

सासऱ्यांनी वर बोट केलं. गडी हसायला लागले. गुरव मात्र हसला नाही. "दादा, पाखराचं सांगता मला? पाऊस आला की माझ्या देवीच्या डोक्यावर पाणी गळतं. तिला काय छत्री धरू?" त्याचंही खोटं नव्हतं.

मग सासरे जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनीही ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"तुडीलला दोन भावांच्या वाटणीचा दावा होता. धाकटा हरला. मी ताबा घ्यायला गेलो, तर आत त्याची बाळंतीण. कायद्यात 'वाजवी मुदत' लिहिलंय. वाजवी म्हणजे किती ते लिहिलेलं नाय. मी तासभर दिला." त्यांनी खोडावर हात ठेवला. "तास झाल्यावर ती पोराला पदराखाली घेऊन माझ्यासमोरून गेली. काय बोलली नाय. कागद बिनचूक होता माझा. साहेबांनी शाबासकी दिली. तेव्हापासून मी हिशोब करतोय, वाजवी म्हणजे किती."

गड्यांचं हसू ओसरलं. पाटील जरा नरमून म्हणाले, "ते सगळं खरं हो. पण आत पाखरू हाय कशावरून? तुम्हीच म्हणता ना, दोन पंच लागतात?"

सासऱ्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे तर नाहीच. दुसऱ्याच्या गावकीत जावयाने तोंड उघडायचं नसतं, आणि मी तर स्वतःच्या गावकीतही उघडत नाही. पण उद्या आंघोळीच्या वेळी हे सुचलं तर झाड पडलेलं असेल, एवढंच मनात आलं आणि मी पुढे झालो. "मी पंच. मी बघितलंय."

सासऱ्यांनी मला सोडलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "चोचीचा रंग?"

"फटीतून टोकच दिसलं. पिवळट. बाकीची दिसली नाही."

त्यांनी मान हलवली. मला वाटतं, लग्न आधीच लागलं असलं तरी मी त्यांचा जावई त्या दिवशी झालो. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, म्हणून मी उरलेलंही बोलून टाकलं. "पाटील, झाड मीच मोजलं. तेव्हा वर मान करून बघितलंदेखील नाही. आणि ओल्या किंजळाचे वासे या पावसाळ्याआधी सुकत नाहीत. आता चढवले तर पीळ घेतील, कौलं सरकतील. यंदा छप्पर पेंढ्यानेच शाकारावं लागणार. हे मला पौषातही ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून बोललो नाही."

"धन्य हाय बुवा तुमची!" पाटलांनी कपाळाला हात लावला. "बरं, हा झाला एक. दुसरा पंच?"

"मी," मागून सासूबाई म्हणाल्या.

सासरे दचकून वळले. "तू कधी बघितलंस?"

"तुमचा चहा रोज निवतो, तो कुठल्या सवतीपायी, ते बघायला आले होते," सासूबाई ताट सावरत म्हणाल्या. "तो नर किती वेळा खेपा घालतो! चाळीस वर्षं झाली लग्नाला, मला हातानं एक उंबर कुणी दिलं नाय."

सगळी राई हसली. गुरवही हसला. डोक्याचं मुंडासं काढून खांद्यावर टाकत म्हणाला, "बसेल देवी एक पावसाळा पेंढ्याखाली. बायामाणसाचं तिला कळत असेल."

"किती मुदत मागता?" पाटलांनी विचारलं.

"पिल्लं उडेपर्यंत."

"तारीख सांगा."

"तारीख ती देईल," सासरे म्हणाले.

करवत परत गेली. वैशाखात आमच्या हिला मुलगी झाली. सासरे खोलीबाहेर येऊन उभे राहिले, खाकरले, दाराकडे पाठ केली आणि आतून "या" येईपर्यंत हलले नाहीत. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. नातीला बघायला आत शिरण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ते सासूबाईंच्या हातावर ठेवलं. पिकलेलं उंबर. सासूबाई म्हणाल्या, "किडकं हाय." पण खाल्लं. पुढे पाऊस तोंडावर आला असताना एका सकाळी पूजेत देवीला खबर गेली, "ढोलीचं दार फुटलं. आई बाहेर, पिल्लं बाहेर. तुझी आभारी आहेत." मग सासरे स्वतःच पाटलांकडे जाऊन सांगून आले की मुदत संपली, झाड आता तोडायला हरकत नाही. पण तोवर भाताच्या पेरण्या आल्या होत्या आणि कुणाला सवड नव्हती. पुढच्या शिमग्याला ढोलीचं दार पुन्हा लिंपलेलं. त्याच्या पुढच्याही. शेवटी देवळाला वखारीतल्या सुक्या लाकडाचे वासे चढले, आणि ते किंजळ आजही कौल मिळालेलं, तोडायचं राहिलेलं, असं उभं आहे.

सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना न्यायला जे कुणी आलं तेही त्यांच्याच खात्यातलं असावं, कारण ते बरेच दिवस दाराबाहेर थांबलं. तेवढ्या मुदतीत सासरे सगळ्यांशी बोलले, सासूबाईंशी भांडले, आणि दिवसाउजेडी गेले.

परवा शिमग्याला सासुरवाडीला गेलो होतो. मुलगी आता शाळेत जाते. तिला घेऊन राईत गेलो. तोंडाशी मी खाकरलो. जरा चोरटेपणाने, पण खाकरलो. किंजळासमोर आम्ही उभे राहिलो. ढोलीचं दार लिंपलेलं होतं.

"चोच दिसली?" मी विचारलं.

तिने मान उंच करून पुष्कळ वेळ बघितलं. "नाही दिसली."

मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

"किती वेळ थांबायचं, बाबा?"

"वाजवी," मी म्हणालो, आणि आम्ही उभे राहिलो.