सशाचं ताट

सशाची हनुवटी ओली दिसली, तेव्हा मला आधी रागच आला. कुणावर ते ठरायचं होतं. मला सवय आहे तशी. नोएडातल्या सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांसाठी आमचा एक छोटा गट काम करतो आणि त्या गटाची पत्रकं मी लिहिते. वेगळी लिफ्ट, वेगळा ग्लास, परवाची भाजी 'ले जा, तू खा लेना' म्हणून हातात ठेवणं, हे माझे विषय. हिंदीत, एका पानात, मोठ्या टाइपात. वाचणाऱ्याला बोचलं पाहिजे, एवढा एकच नियम मला शिकवला गेला आणि तो मी मनापासून पाळला.

ससाही अशाच एका सोसायटीतून आला होता. तिथल्या एका मॅडमच्या मुलाला ॲलर्जी निघाली, त्यांना ससा कुणाला तरी द्यायचा होता. त्यांच्याकडे काम करणाऱ्या ताई आमच्या बैठकीला यायच्या, त्यांनी मला सांगितलं. मी आणायला गेले. मॅडम पिंजरा आणायला आत गेल्या तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. खिडकीच्या कट्ट्यावर, भांड्यांच्या मांडणीपासून लांब, एक स्टीलचा ग्लास पालथा घातलेला. ताईंचा. मला विचारावं लागलं नाही.

मॅडमनी ससा दिला आणि वर सुक्या गवताची एक बोरी. "यही खाता है. भर-भर के देना, रोज़."

मी त्या ग्लासाकडे बघत म्हटलं, "आपके घर में सबका खाना-पीना अलग-अलग है क्या?"

त्यांना काही कळलं नाही. "जी?" म्हणाल्या. मी बोरी उचलली आणि निघाले. लिफ्टमध्ये मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. पहिली ओळ अशी होती: 'बाई का गिलास अलग, और जो बोल नहीं सकता उसके आगे सूखी घास.' खाली ग्लासाबद्दल, लिफ्टबद्दल, शिळ्याबद्दल सगळं मुद्देसूद. गटातले म्हणाले, यार, क्या ओपनिंग है. त्या सोसायटीच्या गेटवर आम्ही ते वाटलं.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात आहेत. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शिकून दिल्लीला आले. लहानपणी ते आजीबरोबर ज्या वाड्यांवर जायचे, तिथे भाकरी हातात देत नसत, वरून टाकत. तीही शिळी. गोठ्यात बैलांपुढे ताजी वैरण असायची, हे ते नेहमी सांगतात, पण तेवढंच सांगून थांबतात. दिल्लीत घर झालं तेव्हा त्यांनी एकच नियम केला. या घरात वेगळं ताट नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आमच्याबरोबर टेबलावर जेवतात. गीझर दुरुस्त करणारा आला, जेवायची वेळ असली, तर त्यालाही ताट. विहारात रविवारी जमणाऱ्या आमच्या विदर्भ-मराठवाड्याच्या घरांमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे. थट्टाही होते, पण प्रेमाने.

त्यामुळे ससा आला तेव्हा बोरीकडे बघून बाबा म्हणाले, "हे काय?"

"त्याला हेच टाकायचे ते लोक," मी म्हटलं. 'टाकायचे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. बाबांवर त्याचा काय परिणाम होईल ते मला ठाऊक होतं.

बाबांनी बोरी गॅलरीत नेऊन ठेवली. आईने पुढे ते गवत कुंड्यांत पसरलं, उन्हाळ्यात माती सुकू नये म्हणून. आणि सशाला स्टीलची एक छोटी ताटली मिळाली. आम्ही जेवायला बसलो की ती टेबलाच्या पायाशी ठेवली जायची. बाबा ताज्या चपातीचा मधला मऊ भाग काढून, कडा स्वतः खाऊन, त्याला बारीक तुकडे द्यायचे. उकडलेलं गाजर. कधी थोडा वरणभात. ससा आवडीने खायचा. आई म्हणायची, "जावई आणलाय घरात." बाबांना ते आवडायचं.

मग हनुवटी ओली झाली. मग तो ताटलीपर्यंत यायचा, वास घ्यायचा आणि मागे फिरायचा. एका डोळ्यातून पाणी. जबड्याखाली हात लावला तर गाठ.

मी घरात जाहीर केलं की त्या लोकांनी आजारी ससा आपल्या गळ्यात मारला. पुढच्या पत्रकाची सुरुवातही डोक्यात तयार झाली होती.

मेट्रोत जनावर नेता येत नाही, म्हणून कॅबने दक्षिण दिल्लीत गेलो. सशांचं बघणाऱ्या एक डॉक्टर तिथे आहेत असं कळलं होतं. बाबांनी अर्धा दिवस रजा टाकली होती. ऑफिसचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर पिंजरा.

डॉक्टरांनी विचारलं, "क्या खाता है?"

बाबा ताठ बसले. "जो हम खाते हैं."

"मतलब?"

"चपाती, सब्ज़ी, दाल-चावल. बिल्कुल ताज़ा. बासी कभी नहीं दिया."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "और घास?"

"घास नहीं देते, मॅडम. घर का है."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. डॉक्टर काही बोलायच्या आत मी सुरू झाले. की प्रत्येकाला त्याची पायरी दाखवणारं जेवण का लागतं तुम्हाला. की आमच्या घरात हा विचार चालत नाही. माझं बोलणं सभेतल्यासारखं चढत गेलं. बाहेर बाकावर एक बाई मांजर घेऊन बसल्या होत्या, त्या वाकून बघायला लागल्या. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं त्यांना अभिमान वाटतोय.

डॉक्टरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "हो गया? अब ये देखिए." त्यांनी सशाला टॉवेलात गुंडाळलं, त्याच्या तोंडात कॅमेरा लावलेली एक बारीक नळी सरकवली आणि समोरचा पडदा आमच्याकडे वळवला.

सशाच्या दाढा जन्मभर वाढत राहतात. गवत चावताना त्या एकमेकींवर घासतात आणि झिजतात. चपाती चावावीच लागत नाही. पडद्यावर दिसत होतं की खालच्या दाढांना काट्यासारखी टोकं आली आहेत आणि ती जिभेत रुतली आहेत. जिभेला जखम होती, तिची कड पांढरी पडली होती. एका दाढेच्या मुळाशी पू झाला होता. तीच ती गाठ.

"ये एक दिन में नहीं होता," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

बाबांनी फक्त विचारलं, "इसको दर्द था? खाते टाइम?"

"बहुत."

बाबांनी मान हलवली. परतीच्या कॅबमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कसं माहीत असणार." ते म्हणाले, "मला बैलाचं माहीत होतं की. वैरण लागते त्याला. मला माहीत होतं." आणि मग बऱ्याच वेळाने, "तू 'टाकायचे' म्हणालीस." तेवढंच. पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

ऑपरेशन झालं. भूल देऊन दाढ काढली, पू काढला, बाकीची टोकं घासून सपाट केली. ससा घरी आला तेव्हा त्याचा अर्धा गाल भादरलेला होता आणि तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसला. दुखणं कमी होण्याचं औषध, अँटिबायोटिक आणि पाण्यात कालवलेली एक हिरवी भुकटी, जी बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी द्यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोट थांबलं की ससा जातो. लेंड्या मोजा. आणि लवकरात लवकर त्याने स्वतः गवत खायला हवं. सिरिंजवर तो कायम जगणार नाही आणि चपाती दिली तर पुन्हा हेच होईल.

आई त्याला टॉवेलात धरायची, मी सिरिंज धरायचे. ससा ओरडत नाही. दात करकरवतो फक्त. तो आवाज माझ्या बोटांपर्यंत यायचा. ज्याच्या वतीने मी एवढी बोलले होते, त्याच्या तोंडात मी जबरदस्तीने हिरवी पेज ढकलत होते आणि ती त्याच्या गळ्यावरून खाली ओघळत होती. "पुस आधी," आई म्हणायची. "पत्रक नंतर लिही." मी पत्रक लिहीत नव्हते. तिलाही ते माहीत होतं.

नवीन गवत आणलं, चांगल्यातलं. ससा त्याच्यावर बसला. खाल्लं नाही.

आणि जेवणाची वेळ झाली की तो पिंजऱ्यातून बाहेर यायचा, लंगडल्यासारखा, आणि टेबलाच्या पायाशी, जिथे त्याची ताटली असायची तिथे येऊन बसायचा. वर बघायचा. आम्हाला काहीही द्यायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी बाबांनी दोन घास खाल्ले आणि ताट उचलून ओट्याशी गेले. उभ्यानेच जेवले. दुसऱ्या दिवशी ताट घेऊन बेडरूममध्ये गेले आणि दार लावलं. मावशी आमच्याबरोबर बसल्या होत्या, त्यांनी आईकडे बघितलं.

"अहो, ससा आहे तो," आई दाराबाहेरून म्हणाली.

"मला माहीत आहे ससा आहे."

"मग?"

"खालून बघतो तो. मला जमत नाही."

आई परत येऊन बसली. कुणीच काही खात नव्हतं. मी आमच्या घरातला तो एकच नियम मोडलेला बघत होते, आणि तो मी मोडला होता.

लेंड्या कमी होत चालल्या होत्या. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, पहले कैसे खाता था, किसी को पता होगा ना? पता होतं. मी त्या मॅडमना फोन लावला. लावण्याआधी गॅलरीत जाऊन उभी राहिले, कुंड्यांमध्ये ते गवत काळं पडून मातीला चिकटलं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोरी दी तो थी आपको."

"जी."

"कहाँ गई?"

"गमलों में."

त्या म्हणाल्या, "आपका पर्चा आया था हमारे यहाँ. ग्रुप पे किसी ने फ़ोटो डाली. पहली लाइन पे इतना हँसे सब, कि ख़रगोश को बिरयानी खिलानी थी क्या. आगे किसी ने पढ़ा ही नहीं."

त्या ओळीपुढे काय होतं ते मला पाठ होतं. ताईंचा ग्लास होता. तो खरा होता, तो अजूनही खिडकीत असणार, आणि माझ्या एका चटकदार ओळीने सगळ्या सोसायटीला तो न बघण्याची सोय करून दिली होती. ताईंनी तेव्हापासून बैठकीला येणं बंद केलं होतं. मी समजत होते की त्या घाबरल्या. त्यांच्या समोरही लोक हसले असतील, हे मला सुचलंच नव्हतं.

"घासवाली बात ग़लत थी," मी म्हटलं. "सॉरी. गिलासवाली नहीं थी."

"ख़रगोश की बात करें?" त्या म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही. सांगितलं, तो एकटा खात नाही. त्या स्वतः जमिनीवर बसायच्या, गवत हातात धरून. "उसको साथ चाहिए. बस बैठो उसके पास."

मी घरात तसंच सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि कपाटातून ताटली काढली, सशाची. तिच्यात गवत भरलं. टेबलाच्या पायाशी ठेवून ते स्वतः फरशीवर बसले, गुडघे दुखतात तरी मांडी घालून. ससा आला. वास घेतला, मागे सरला.

बाबांनी ताटलीतली एक काडी उचलली आणि स्वतःच्या तोंडात घातली. चावली. तोंड वाकडं न करता, सावकाश, जेवतात तशी.

"अहो," आई म्हणाली.

माझा हात फोनकडे गेला होता, फोटो काढायला. मी तो मांडीखाली दाबून धरला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी दुसरी काडी घेतली, एक टोक ओठांत धरलं आणि वाकले. ससा बराच वेळ नुसता बसून होता. मग त्याने दुसरं टोक पकडलं. एका बाजूने, दुखऱ्या बाजूला सांभाळत, कच् कच् करत ते आत ओढत गेला. संपल्यावर ताटलीत तोंड घातलं.

आईने आमची ताटंही खाली मांडली. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "त्या बाईंना कळव. खाल्लं म्हणून."

मी मेसेज केला, उसने घास खा ली, आपने सही बताया था. लगेच उत्तर आलं, हात जोडलेले आणि हसरा चेहरा. मग मी जुनं पत्रक काढलं, पहिली ओळ खोडली आणि उरलेलं त्यांनाच पाठवलं, ग्लासाचं. दोन निळ्या खुणा आल्या. त्यांनी वाचलं होतं.

उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही. उद्या ताईंच्या घरी जायचं आहे, आणि तिथे काय बोलायचं ते मी लिहून ठेवलेलं नाही.