धोंडाबाईची साक्ष

शेळगावात ओढ्याकाठचं ते रान सायराबानूच्या सासऱ्यापासून त्यांच्याच वहिवाटीत होतं. मूळ मालकानं तोंडी दिलेलं. सातबाऱ्यावर नाव कधी चढलंच नाही. नवरा फकीर जिवंत होता तोवर कुणी वाकडा शब्द काढला नाही. तो गेला, नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला आसपास ऊस वाढला, आणि शेजारच्या दत्तोबाचा ट्रॅक्टर बांध कोरत आत यायला लागला.

सायराबानू दगड रचून बांध नीट करायची. पुढच्या नांगरटीला तो पुन्हा मोडलेला असायचा. सरपंचानं समजावलं की चार दिवस शांत, मग तेच. पोलीस म्हणाले, "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." एका वर्षी तर दत्तोबानं तिच्या उभ्या ज्वारीतच नांगर घातला आणि हे रान पहिल्यापासून आमचंच, असं सांगत सुटला. तेव्हा तिनं इंदापूरच्या कोर्टात दावा लावला.

वकील म्हणाले, "कागद नाही, तर वहिवाट डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आणा."

दोघा म्हाताऱ्यांनी हो म्हटलं आणि तारीख जवळ आल्यावर तोंड फिरवलं. दत्तोबाशी वैर कुणाला नको होतं. सायराबानूनं आशा सोडली, तेवढ्यात एका सकाळी धोंडाबाई दारात येऊन उभी राहिली. दत्तोबाची सख्खी आई.

"मला कुणी इचारलंच न्हाय," ती म्हणाली. "तुझ्या वकिलाला सांग, माझं नाव घाल."

सायराबानूनं तिला आत बसवलं. "मावशी, तुमी दत्तोबाच्या घरात ऱ्हाता."

"ऱ्हाते की. मग?"

तारखेला नऊवारीचा पदर डोक्यावर घेऊन धोंडाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. समोर बाकावर दत्तोबा मान खाली घालून बसला होता. त्याच्या वकिलानं विचारलं, "मुलाशी तुमचं भांडण आहे का?"

"न्हाय. सकाळी त्याच्याच भाकरी थापून आलेय."

"मग त्याच्याविरुद्ध का बोलता?"

"इरुद्ध कुठं? रान कोण कसत हुतं त्ये इचारलं, त्ये सांगितलं."

"ते रान तुमच्याच घराण्याचं, असं तुमचा मुलगा म्हणतो."

धोंडाबाईनं न्यायाधीश साहेबांकडं पाहिलं. "आमचं असतं तर मी तितं रोजानं खुरपायला कशाला गेले असते? हिच्या सासूच्या हातनं रोज घेतलाय मी. ह्यो दत्तोबा तवा त्यांच्याच बांधावरच्या बाभळीला झोळीत निजलेला असायचा."

कारकुनानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. धोंडाबाईचा आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. असं धीराचं माणूस रोज आपल्या दारावरून शेण गोळा करत जातं आणि आपल्याला त्याची कल्पनाही नसते, याचंच सायराबानूला नवल वाटत राहिलं.

बाहेर आल्यावर धोंडाबाई सरळ मुलापाशी गेली. "चल, यष्टी चुकंल." तो पुढं निघाला, ती मागून. दोघं एकाच गाडीनं गावाला गेली.

काही महिन्यांनी निकाल लागला: सायराबानूची वहिवाट खरी, दत्तोबाला त्या रानात शिरायला कायमची मनाई. ट्रॅक्टर बांधापासून परत फिरायला लागला. पण घरात दत्तोबा आईशी बोलेना; तिचं अंथरूण त्यानं गोठ्याशेजारच्या पडवीत टाकलं होतं. हे कळल्यावर सायराबानू तिच्याकडं धावली.

"मावशी, माझ्याकडं चला. माझ्यापायी झालं हे."

"तुझ्यापायी काय न्हाय," पडवीत बसून ती तूर पाखडत होती. "तुझं रान तुझं, तसं हे घर माझं. मी कुठं जाऊ?"

तेवढ्यात दत्तोबा गोठ्यात आला. धोंडाबाईनं त्याच्याकडं न बघताच सांगितलं, "दळण सपलंय. पोतं गिरणीवर न्हे."

सायराबानूच्या देखत त्यानं पोतं खांद्यावर घेतलं आणि गिरणीची वाट धरली. धोंडाबाईनं सूप पुन्हा हलवलं. सायराबानू तिच्या शेजारी बसून तूर निवडायला लागली.